शुगर गेली, फाइल राहिली

आमच्या घराच्या जिन्याला तेवीस पायऱ्या आहेत. रायपूरच्या सदर बाजारातली जुनी घरं बहुतेक अशीच, खाली दुकान, वर संसार आणि मध्ये अंधारा, उभा जिना. लग्न होऊन आले तेव्हा दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मी तो एका दमात चढायचे. २०२३ सालच्या अक्षय तृतीयेला मात्र चौदाव्या पायरीवर बसले.

तो दिवस म्हणजे आमच्या सराफ्यात वर्षातला सगळ्यात गर्दीचा. छत्तीसगढमध्ये या सणाला ‘अक्ती’ म्हणतात आणि मुली मातीच्या बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात. माझी अकरा वर्षांची लेक गच्चीवर लग्नघाईत होती. खाली दुकानात आमचे हे गिऱ्हाइकांना ऐंठी आणि करधन दाखवत होते. मी दोघांच्या मध्ये, मांडीवर चहाच्या कपांचा ट्रे घेऊन बसले होते, आणि जबड्यापासून पाठीपर्यंत कुणीतरी आवळून धरल्यासारखं वाटत होतं. छातीत कळ अशी नव्हतीच. घाम आला होता, पण एप्रिलमध्ये रायपुरात कुणाला घाम येत नाही? मी मनाशी म्हटलं, गॅस.

‘गॅस’ हा शब्द माझ्या माहेरचा. माझी आई बावन्नाव्या वर्षी गॅसनेच गेली, असं अमरावतीला आमच्या गल्लीत अजून सांगतात. रात्रभर ओवा आणि काळं मीठ घेत राहिली, पाठ चोळून घेतली, पहाटे गेली. तिला कधी कुठल्या डॉक्टरने ‘हृदय’ हा शब्द उच्चारून दाखवला नव्हता, कारण ती कधी डॉक्टरकडे गेलीच नव्हती.

दहा मिनिटांत आवळणं कमी झालं आणि मी चहा नेऊन दिला. रात्री सहज बोलता बोलता सासूबाईंना सांगितलं. त्या एकदम उठून बसल्या. म्हणाल्या, “तुझ्या आईचं मी ऐकलंय. उद्याच दाखवायचं. दुकान मी बघते.” खरं तर मी त्याच रात्री जायला हवं होतं. जबडा, पाठ, खांदा, मळमळ, अचानक आलेला थकवा, अशी लक्षणं बायकांमध्ये हृदयाचीही असू शकतात हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला तसं कधी झालं तर सकाळची वाट बघू नका, एवढं इथेच सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रक्तदाब घेतला. १५८/९८. कार्डिओग्राम काढला, तो फारसा वाईट नव्हता. मग त्यांनी असा एक प्रश्न विचारला, जो त्याआधीच्या अकरा-बारा वर्षांत मला कुणीच विचारला नव्हता.

“गरोदर असताना शुगर निघाली होती का?”

“हो, पण ती गेली. डिलिव्हरी झाल्यावर लगेच गेली.”

“कुठे गेली?” ते म्हणाले. थट्टेत नाही, खरंच विचारल्यासारखे.

या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं आहे, म्हणून २०११ मध्ये जाते. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते आणि वजन जेमतेम बावन्न किलो. सव्विसाव्या आठवड्यात पाण्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज घालून प्यायला दिलं. तो इतका गोडमिट्ट प्रकार असतो की अर्ध्या पेल्यातच मळमळतं. दोन तासांनी रक्त घेतलं. १४० किंवा त्याच्या वर आकडा गेला तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. माझा १६२ आला. ही उपाशीपोटी न येताही करता येणारी सोपी पद्धत आपल्याकडे रुजवण्यात चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांचा मोठा वाटा आहे. त्यांचा वाढदिवस, १० मार्च, भारतात या आजाराच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळतात. हे सगळं मी अर्थातच पुष्कळ नंतर वाचलं. तेव्हा फक्त रडले होते.

भाताची वाटी लहान झाली, पोह्यांबरोबरची जिलबी बंद झाली. रायपूरकरांना विचारा, पोहे आणि जिलबी वेगळी करणं म्हणजे काय ते! आठव्या महिन्यात इन्सुलिनही सुरू झालं. सासूबाई घड्याळ लावून सुई द्यायला उठायच्या. नोव्हेंबरात लेक झाली, त्याच दिवशी इन्सुलिन थांबलं. वॉर्डात बोटाला टोचून साखर बघितली, नॉर्मल. सासूबाईंनी नर्सच्या हातावर पेढा ठेवला आणि सगळ्या मजल्यावर सांगत सुटल्या, “शुगर गेली, शुगर गेली!” घरी आल्यावर डिंकाचे लाडू झाले. शेजारच्या छत्तीसगढी काकूंनी जडीबुटी उकळून केलेलं कांके पानी आणलं. मी महिन्याभराने माहेरी अमरावतीला गेले आणि तीन महिने राहिले.

डॉक्टरांनी जुनी फाइल मागितली, तेव्हा ती सापडेल असं मला वाटलं नव्हतं. सासूबाईंना बरोबर माहीत होतं. देवघराच्या खालच्या कपाटात, लाल फडक्यात, लेकीच्या जन्मपत्रिकेबरोबर बांधून ठेवलेली होती. ती पत्रिका आम्ही कितीदा उघडली असेल! मंगळ कुठे, शनी कुठे, गुरुजींनी काय लिहिलंय. तिच्याच खाली माझा डिस्चार्ज कागद होता, आणि त्याच्या शेवटच्या ओळीत इंग्रजीत, घाईच्या अक्षरात, लिहिलेलं होतं की सहा आठवड्यांनी ग्लुकोजची तपासणी पुन्हा करावी. कुणी ती ओळ आम्हाला वाचून दाखवली नव्हती. आम्हीही वाचली नव्हती. मी बी.कॉम. आहे, मला इंग्रजी वाचता येतं. त्यामुळे सगळा दोष दवाखान्यावर टाकून मोकळं होणं मला जमत नाही.

पुढचं भराभर सांगते, कारण त्यात माझं कर्तृत्व काही नाही. उपाशीपोटी साखर १४८. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ७.४. म्हणजे मधुमेह होता, आणि बहुधा काही वर्षांपासून होता. वाईट कोलेस्टेरॉल १६२. माझ्या नशिबाला हा आकडा आवडतो असं दिसतं. ट्रेडमिलवर चालवलं तर चार मिनिटांत पाठ आवळली. अँजिओग्राफी झाली, एका मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला, एक स्टेंट बसला. वय एक्केचाळीस. शेजारच्या खाटेवर पासष्टीचे एक गृहस्थ होते. ते मला दोनदा म्हणाले, “बेटी, तुम किसको देखने आई हो?”

घरी आल्यावर महिनाभर जिना बंद होता. त्या दिवसांत मी शुगर नेमकी कुठे गेली होती ते शोधत बसले.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. गरोदरपणात वारेतून अशी संप्रेरकं सुटतात की आईच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. बाळाला साखर मिळत राहावी म्हणून निसर्गाने केलेली ती सोय आहे. बहुतेक बायकांचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून ही वाढीव मागणी भागवतं. ज्यांचं भागवू शकत नाही, त्यांची साखर वाढते. वार पडली की मागणी उतरते, साखरही उतरते. पण स्वादुपिंडाची ताकद आतूनच बेताची आहे हे त्या नऊ महिन्यांत कळून चुकलेलं असतं, आणि ते काही बदलत नाही.

हे मी आमच्या ह्यांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे कसोटीवर घासलं होतं तेव्हा. दगडावरची रेघ पुसली, पण कस जो काय होता तो तोच राहिला ना?” तीस वर्षं दुकानात बसलेल्या माणसाला हे डॉक्टरांपेक्षा लवकर समजलं असं मला वाटतं.

मधुमेहाची भीती निदान कुणीतरी घालतं. हृदयाचं मात्र माझ्या कानावरही आलेलं नव्हतं. कॅनडात टोरोंटोच्या संशोधकांनी २०१९ मध्ये तोवर झालेले नऊ अभ्यास एकत्र करून तपासले, त्यात पन्नास लाखांहून जास्त बायकांची माहिती होती. गरोदरपणात मधुमेह झालेल्या बायकांना पुढे हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारख्या त्रासांचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट निघाला. आणि तो म्हातारपणी नाही, बाळंतपणानंतरच्या पहिल्या दहा वर्षांतच दिसू लागतो. त्याहून मला चटका लावून गेली ती पुढची गोष्ट. ज्यांना नंतर मधुमेह झालाच नाही, त्यांच्यातही धोका निम्म्याहून थोडा अधिक वाढलेला होता. म्हणजे ‘माझी शुगर तर आता नॉर्मल आहे’ हे उत्तर पुरत नाही. रक्तदाब, चरबी, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर, हे सगळं साखरेबरोबर आणि साखरेशिवायही बिघडत असतं. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०११ मध्येच, नेमक्या माझ्या बाळंतपणाच्या वर्षी, बायकांच्या हृदयाचा धोका मोजताना गरोदरपणातला मधुमेह विचारात घ्या असं सांगितलं होतं.

दुप्पट म्हटल्यावर घाबरून जाऊ नका. तिशी-चाळिशीतल्या बाईला हार्ट अटॅक येण्याची शक्यता मुळात फार कमी, तिची दुप्पटही कमीच. माझ्या बाबतीत आईची परंपरा होती, रक्तदाब होता, न कळलेला मधुमेह होता. सगळं एकावर एक साचत गेलं. फक्त साचताना कुणी बघत नव्हतं.

बारीक असणं मला काही वाचवू शकलं नाही, हेही सांगायला हवं. “एवढीशी काडी, हिला कसली शुगर?” असं २०११ मध्ये सगळ्या आत्या-मावश्या म्हणाल्या होत्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली कित्येक वर्षं हेच सांगत आलेत. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण आपल्या बाळांमध्ये कमी असतो तो स्नायू, चरबी त्या मानाने कमी नसते. २००४ मध्ये त्यांनी लंडनचे त्यांचे सहकारी डॉ. युडकिन यांच्याबरोबर स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांची उंची-वजनाची पट्टी अगदी सारखी, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. तो फोटो माझ्या भावाने पुण्याहून पाठवला. मी सासूबाईंना दाखवला, तर त्या म्हणाल्या, “दोघेही आपल्याकडच्या माणसांपेक्षा बारीकच आहेत गं.”

आता ह्यांची गोष्ट. दुसऱ्या तपासणीला डॉक्टरांनी त्यांनाही खुर्चीवर बसवलं. “तुमची साखर कधी बघितली?” हे म्हणाले, “मला काय झालंय?” डॉक्टरांनी सांगितलं की कॅनडातल्याच क्वेबेक प्रांतात २०१५ मध्ये झालेल्या अभ्यासात असं आढळलं, की बायकोला गरोदरपणात मधुमेह झाला असेल तर नवऱ्यालाही पुढे मधुमेह होण्याचं प्रमाण तेहतीस टक्क्यांनी जास्त असतं. गंमत वाटली ना? वार काही नवऱ्याला नसते. पण स्वयंपाकघर एक असतं. पोह्यांवरची शेव एक, रात्री साडेदहाला दुकान बंद करून जेवणं एक, जेवून लगेच आडवं होणं एक. बाईची तपासणी गरोदरपणात होते म्हणून तिच्यात आधी दिसतं, पुरुषाला तपासायला तसं निमित्तच मिळत नाही. ह्यांची उपाशीपोटी साखर ११८ निघाली, मधुमेहाच्या उंबरठ्यावर. रक्तदाबही वाढलेला. बाजारातले त्यांचे मित्र ऐकून हसले, “भाभी की बीमारी भैया को लग गई?” ह्यांनी उत्तर दिलं नाही, पण सकाळी दात घासायचा गुडाखू त्या आठवड्यात बंद केला. तंबाखूचं पान अजून पूर्ण सुटलेलं नाही. दोन-तीन आठवड्यांतून एकदा वास येतो. मी भांडते, मग पुन्हा थोडे दिवस बरे जातात.

आम्ही दोघं आता पहाटे बूढा तालाबला जातो. घरापासून चालत दहा-बारा मिनिटं. तळ्याच्या मध्यभागी विवेकानंदांचा मोठा पुतळा आहे; ते लहानपणी वडिलांबरोबर इथे बूढापाऱ्यात राहिले होते. पहिल्या महिन्यात मला अर्धी फेरी जमायची. आता चाळीस मिनिटं चालते, बोलत बोलत. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण आमच्या दोघांत सगळ्यात जास्त बोलणं या दीड-दोन वर्षांत झालं असेल.

स्वयंपाकघर बदलणं जास्त कठीण गेलं. हा धानाचा मुलूख, भात म्हणजे जेवण. सासूबाईंना भात कमी वाढणं म्हणजे अपमान वाटतो. आम्ही भांडून तह केला. रात्री भात नाही, दुपारी एक वाटी आणि त्याच्या आधी भाजी-कोशिंबीर. आठवड्यातून तीनदा कोदोचा भात, तो बस्तरकडचा मिळतो. तांदळाच्या चिल्याऐवजी मुगाचा चिला. त्या आधी म्हणाल्या, “हे आजाऱ्याचं जेवण.” महिन्याने लेकीच्या डब्यात त्यांनी स्वतःच मुगाचा चिला घातला. मुद्दाम काही बोलले नाही.

गोळ्या आहेतच. पण मला राहून राहून खुपतं ते हे, की सहा आठवड्यांची ती एक तपासणी झाली असती आणि मग दर एक-दोन वर्षांनी होत राहिली असती, तर खूप आधी कळलं असतं. गरोदरपणात साखर वाढून गेलेल्या बायकांनी चालणं, खाणं नीट सांभाळलं किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने मेटफॉर्मिन घेतली, तर मधुमेहाचा धोका जवळजवळ निम्म्यावर येतो, हे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दिसलं आहे. बाळाला अंगावर पाजल्यानेही आईला फायदा होतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये बाळंतपणानंतर सहा आठवड्यांची ग्लुकोज तपासणी लिहिलेली आहे. पण त्या सहा आठवड्यांत बाई असते कुठे? माहेरी, शेक-शेगडीत, रात्रीच्या जागरणात. बाळाची लस कुणी चुकवत नाही, आणि चुकवूही नये. त्याच दिवशी, त्याच बाकावर आईला ग्लुकोज पाजायला काय हरकत आहे? हा माझा हट्ट आहे, मी तो भेटेल त्याला ऐकवते.

२०२४ च्या संक्रांतीला हळदी-कुंकू होतं. आमच्याकडे तात्यापारा, ब्राह्मणपारा, चौबे कॉलनी अशा सगळीकडून मराठी बायका येतात, शेजारच्या छत्तीसगढी आणि मारवाडीही येतात. वाण काय द्यायचं यावर दरवर्षी खल होतो. स्टीलच्या वाट्या, पिशव्या, कंगवे सगळं देऊन झालेलं. या वेळी मी सत्ती बाजारातून प्लॅस्टिकच्या फाइली आणल्या, बटणाच्या, निळ्या. वर चिकटपट्टी लावून लिहिलं, ‘आईची फाइल’. जाऊबाई म्हणाल्या, “अगं, हे काय वाण? लोक हसतील.” हसलेच. एकीने विचारलं, “यात दागिन्यांची बिलं ठेवायची का?” मग मी तिळगूळ देता देता एकेकीला विचारलं, गरोदरपणात शुगर किंवा बीपी वाढलं होतं का? बीपीचं विचारायला डॉक्टरांनीच सांगितलं होतं, तेही हृदयाच्या हिशेबात येतं. आधी कुणी बोलेना. मग एक म्हणाली, हो, पण गेली. दुसरी म्हणाली, माझीपण गेली. तिसरी आमच्या समोरच्या दुकानाच्या वर राहते, तिचं बाळ तेव्हा पाच महिन्यांचं होतं. ती म्हणाली, “काकू, मला तर कुणी परत बोलावलंच नाही.”

त्या गर्दीत आमच्या वस्तीची मितानिनही होती. छत्तीसगढने २००२ मध्ये गावागावांतून अशा मितानिन नेमायला सुरुवात केली, देशात आशा कार्यकर्त्या यायच्या आधी. ‘मितानिन’ म्हणजे मैत्रीण. तिने समोरच्या सुनेला तिथेच पकडलं, “कल मेरे साथ चल. जच्चा कार्ड लेके आना.”

ती दुसऱ्या दिवशी गेली नाही. तिसऱ्याही नाही. बाळाला ताप, मग नणंदेचं लग्न. सासू म्हणाली, दूध पाजतेय तोवर काही नको. मी दोनदा खिडकीतून हाक मारली, मग मलाच वाटलं आपण फार मागे लागतोय.

मार्चमध्ये एका दुपारी ती आमचा जिना चढून वर आली. कडेवर बाळ, हातात निळी फाइल. आत तिचं कार्ड होतं, सोनोग्राफीचे कागद होते आणि सगळ्यात वर आदल्या दिवशीचा रिपोर्ट. दोन तासांनंतरची साखर १६८. मधुमेह नाही, पण नॉर्मलही नाही.

“काकू, आता?”

सासूबाईंनी बाळाला घेतलं. मी तिला बिनसाखरेचा चहा केला, तिने तोंड वाकडं करत प्यायला. विचारलं, “सकाळी किती वाजता जाता तुम्ही तलावावर?”

“साडेपाच.”

“बाळ उठतं त्या वेळी.”

“मग सहाला जाऊ,” मी म्हटलं. सासूबाई आतून ओरडल्या, बाळाला माझ्याकडे ठेवून जा म्हणून.